लॅपटॉपचा सातबारा

जुलैत मुलाला जळगावच्या मूळजी जेठा कॉलेजात किंवा धुळ्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, की घरात लॅपटॉप येतो. देव्हाऱ्यापुढे त्याला हळद-कुंकू लागतं. बिलावर नाव वडिलांचं. झाकण उघडून पाच मिनिटं होत नाहीत तोच उजव्या कोपऱ्यातून पाटी वर येते: संरक्षणाची मुदत संपत आली आहे, नूतनीकरण करा. हे कोणी मागितलं होतं, असं वडील विचारतात. मुलगा म्हणतो, "ते आधीपासूनच असतं, पप्पा."

अशा वेळी खानदेशी माणसाला सातबारा आठवला नाही तरच नवल. कब्जेदार म्हणून नाव आपलं, पण 'इतर हक्का'त सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा आणि एखादं जुनं कूळ. लॅपटॉपच्या इतर हक्कात महिनाभराचा अँटिव्हायरस, पत्त्यांचे खेळ आणि कंपनीचा स्वतःचा 'मदतनीस', जो मदत सोडून बाकी सगळं करतो. फरक इतकाच, की शेतावर बोजा चढवायला निदान शेतकऱ्याची सही लागते.

यात कंपन्यांचं गणित सरळ आहे. लॅपटॉप विकून सुटणारा नफा तुटपुंजा, म्हणून सॉफ्टवेअरवाल्यांकडून जागेचं भाडं घ्यायचं. सोनीने २००८ मध्ये कडीच केली. व्हायोच्या एका मॉडेलवरचा हा पसारा काढून हवा असेल, तर 'फ्रेश स्टार्ट'चे ४९.९९ डॉलर वेगळे! टाकण्याचे पैसे एकाकडून, काढण्याचे दुसऱ्याकडून. ओरड झाल्यावर शुल्क माफ झालं.

लेनोवोचं प्रकरण त्याहून गंभीर. तिच्या काही लॅपटॉपांत २०१४ पासून येणारं 'सुपरफिश' जाहिराती घुसवण्यासाठी थेट ग्राहक आणि सुरक्षित संकेतस्थळ यांच्या मध्येच बसायचं, आणि त्याची गुप्त किल्ली सगळ्या यंत्रांत एकच. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका संशोधकाने तिचा पासवर्ड शोधला. तो होता 'कोमोडिया', म्हणजे हे तंत्र पुरवणाऱ्या कंपनीचंच नाव!

मग कोणीतरी जाणकार सांगतो, फॅक्टरी रीसेट मार. रात्रभर टक्केवारी चढते, सकाळी अँटिव्हायरस अंघोळ करून पुन्हा दारात हजर. रीसेटचं काही चुकलेलं नसतं. हा पसारा भरला गेला तो फॅक्टरीतच, आणि अनेक कंपन्या त्याची प्रत डिस्कच्या राखीव भागात जपून ठेवतात. विंडोजच्या रीसेटमध्ये 'चेंज सेटिंग्ज'खाली, लॅपटॉपसोबत आलेले ॲप परत बसवायचे का, असं विचारणारं बटण असतं. ते बंद केलं की बरीच मंडळी घरी राहतात. अँटिव्हायरस काढल्यावर लॅपटॉप उघडा पडेल ही भीतीही फुकटची. तो जाताच विंडोजचा स्वतःचा डिफेंडर जागा होतो.

पण बटणं शोधायला वेळ कोणाला? जळगावच्या गोलाणी मार्केटपासून धुळ्याच्या आग्रा रोडपर्यंत 'फॉरमॅट मारून' मिळतं. "डेस्कटॉपवरचं जाईल, भाऊ, डी ड्राइव्हमधलं राहील," एवढ्या पंचनाम्यावर काम सुरू. २०१२ नंतरच्या बहुतेक ब्रँडेड लॅपटॉपांत विंडोजचा परवाना मदरबोर्डातच लिहिलेला असतो. तीच आवृत्ती पुन्हा टाकली, की नेट लागताच आपोआप ॲक्टिव्हेट होते. तरी एखाद्या दुकानात ड्रॉवरमधून पेनड्राइव्ह निघतो आणि विकत घेतलेल्या अस्सल विंडोजच्या जागी चोरीची बसते, पैसे देऊन. वर क्रॅक केलेलं फोटोशॉप प्रेमाची भेट. भेट स्वीकारण्यासाठी डिफेंडरला तेवढं झोपवावं लागतं.

मोबाइलवाल्यांनी हसू नये. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला आणि आधीपासून टाकलेले ॲप ग्राहकाला काढू द्या, असंही बजावलं. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला; जी चार कलमं रद्द केली, त्यांत ॲप काढू देण्याचं कलम होतं. म्हणजे अनइन्स्टॉल झाला तो अनइन्स्टॉलचाच आदेश.

सरकारला तरी हा मोह कसा आवरावा? २८ नोव्हेंबर २०२५ला दूरसंचार विभागाने फर्मावलं, की प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' हे सरकारी ॲप बसवूनच द्या, तेही ९० दिवसांत, आणि त्याची कामं बंद करता येता कामा नयेत. देशभर गदारोळ झाला. नको असेल तर काढून टाका, असं मंत्री ज्योतिरादित्य शिंदे म्हणाले आणि ३ डिसेंबरला सक्तीच मागे घेतली गेली. एवढं चपळ अनइन्स्टॉल विंडोजलाही जमलेलं नाही. ना मशीन रीस्टार्ट करा म्हटलं, ना 'आम्हाला सोडून का जाताय' हे विचारणारी चौकट आली.