अलंकार ओळखा : गुण दोन

भरताने नाट्यशास्त्रात चारच अलंकार सांगितले: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढे अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’पर्यंत ते शंभराच्या पार गेले. आमच्या शाळांनी हा सगळा पसारा खुणेच्या शब्दांत बसवला. ‘सारखा’ दिसला की उपमा, ‘गमे, वाटे, भासे’ दिसले की उत्प्रेक्षा. कविता वाचायची गरजच नाही! या हिशेबाने ‘आजोबांना आता बरे वाटते’ हीसुद्धा उत्प्रेक्षाच.

मुले बिचारी वहीत अलंकार शोधतात आणि ते तर चौकाचौकात टांगलेले असतात. अनन्वय म्हणजे उपमेयाला उपमेयाचीच उपमा. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ‘साहेबांसारखे साहेबच’ असते, ते हेच. त्याच फ्लेक्सवरच्या ‘कार्यसम्राट’ला अतिशयोक्ती म्हणतात, पण हळू आवाजात. व्याजस्तुती, म्हणजे वरून स्तुती आणि आतून निंदा, शिकायची तर कचेरीतला निरोप समारंभ गाठावा. ‘साहेबांनी कधीच कुणाला कामाचा त्रास दिला नाही’ या वाक्यावर टाळ्या पडतात आणि साहेबही वाजवतात.

सरकारदरबारी मात्र मान अपन्हुतीचा. समोर आहे ते नाकारायचे आणि दुसरेच काही आहे म्हणून सांगायचे: ही भाडेवाढ नव्हे, भाडेसुधारणा! काव्यशास्त्राचा एवढा पक्का अभ्यास मराठीच्या वर्गातही होत नाही.

तेव्हा पालकहो, गाइडचे पैसे वाचवा. निवडणूक लागली की पोराला सभेला घेऊन जा.