वरचा हात

जपानी भाषेतील 'ओजोझु देसु ने' या उद्गाराचा अर्थ शब्दकोशात 'छान जमते हो तुम्हाला' असा सरळ दिलेला असला, तरी जपानमध्ये वर्षानुवर्षे राहणाऱ्या परदेशी माणसाला त्याचा जो अर्थ हळूहळू कळत जातो, त्याची नोंद कोशकारांनी घेतलेली नाही. 'जोझु' हा शब्द 'वर' आणि 'हात' या दोन चित्राक्षरांनी लिहितात. ज्याला कसब आहे त्याचा हात वर, आणि ज्याला ते नाही तो 'हेता', म्हणजे 'खाली' अधिक 'हात'. परदेशी माणसाने 'कोन्निचिवा' एवढे म्हटले, 'हाशी' म्हणजे जेवायच्या काड्यांनी भाताचे एक ढेकूळ तोंडापर्यंत सुखरूप नेले, किंवा नुसता चहाचा पेला दोन्ही हातांनी धरला, तरी समोरच्याच्या तोंडून हा उद्गार निघतो. पुण्यात दोन वर्षे संध्याकाळच्या वर्गांना जाऊन जपानी शिकलेल्या आणि आपले उच्चार ऐकून पाठमोरा जपानी माणूस फसेल अशी मनोमन खात्री असलेल्या प्रस्तुत लेखकाने पहिल्या वर्षी या प्रशंसेची तारीखवार नोंद एका वहीत ठेवली होती, हे शास्त्रीय प्रामाणिकपणापोटी येथे नमूद करणे भाग आहे.

वहीतील नोंदींचा पुढे अभ्यास केला असता त्यातून निघालेला निष्कर्ष मात्र लेखकाला अनुकूल नव्हता. वाक्य जितके लहान तितकी प्रशंसा मोठी, आणि ज्या दिवशी लेखकाने आदरार्थी क्रियापदांची तीन मजली रचना न अडखळता पार पाडली, त्या दिवशी वहीत काहीच नोंद नाही. प्रशंसा भाषेची नसून पाहुणेपणाची होती. लग्नात वरमाईचे जसे कौतुक होते, तिने काही केले म्हणून नव्हे तर ती वरमाई आहे म्हणून, तशातला हा प्रकार.

बुलेट ट्रेनचा वक्तशीरपणा, वाकण्यातील अंशांचा हिशेब, शौचालयाचे गरम आसन आणि त्याच्या बाजूची बटणे या विषयांवर मराठी वाचकाला प्रवासवर्णनकारांपासून शेजारच्या सहलीहून परतलेल्या जोश्यांपर्यंत सर्वांनी पुरेसे सांगितलेले असल्याने त्यांची पुनरुक्ती येथे टाळली आहे. शौचालयातील सपाता तिथेच काढून ठेवायच्या असतात, त्या घालून यजमानांच्या दिवाणखान्यात येऊन बसायचे नसते, एवढेच सांगून, आणि हे कसे कळले ते न सांगता, पुढे जाणे इष्ट.

भाड्याने घर शोधताना या प्रशंसेचा एक वेगळाच उपयोग दिसून आला. 'फुदोसान्-या' म्हणजे स्थावर मालमत्तेचा दुकानदार, आपल्याकडचा घरांचा दलाल. हा गृहस्थ लेखकाच्या समक्ष एकेका घरमालकाला फोन लावी, फोनवर न दिसणाऱ्या त्या मालकापुढे खुर्चीतच वाकत, 'गिऱ्हाईक परदेशी आहेत, पण जपानी ओजोझु आहेत' असे सांगे, थोडा वेळ ऐकून घेई, पुन्हा वाकून फोन ठेवी आणि लेखकाकडे वळून दातांमधून हवा आत ओढल्यासारखा 'स्स्स' असा आवाज काढी. हा आवाज म्हणजे नकार होय. जपानीत 'नाही' असा शब्द आहे, पण तो वापरायला काढल्यास झिजेल अशा भीतीने जपून ठेवलेला असतो. जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१६ साली परदेशी रहिवाशांची पाहणी केली, तीत घर शोधलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के लोकांनी केवळ परदेशी असल्यामुळे नकार मिळाल्याचे सांगितले होते. पाचव्या 'स्स्स'नंतर आकडेवारीतून मिळणारे समाधान संपते. आगगाडीत उभे राहायला जागा नसताना आपल्या शेजारचे आसन मात्र तीन स्थानके रिकामे राहते आणि आपण उगाच आपल्या शर्टाचा वास घेऊन पाहतो, त्या वेळचा अपमान मोठा नसतो, पण तो रोज सकाळी ठरलेल्या वेळी येतो, आणि येथील सर्वच गोष्टींप्रमाणे वक्तशीर असतो. याविषयी जळजळीत काही लिहावे असा लेखकाचा बेत होता. परंतु पुण्यातील आपला ब्लॉक भाड्याने देताना लेखकाच्याच घरात होणाऱ्या भाडेकरूचे आडनाव आणि त्याच्या आहारातील मासळीचे प्रमाण यांची चौकशी किती गोड शब्दांत झाली होती, आणि लेखक त्या वेळी शेजारच्या खोलीत बसून गप्पपणे ऐकत होता, हे आठवल्याने तो बेत रहित करावा लागला.

अखेरीस टोकियोच्या पश्चिमेकडील एका उपनगरात घर मिळाले. एदोगावा विभागातील निशि-कासाई येथे भारतीयांची मोठी वस्ती आहे, तेथे घर सहज मिळाले असते. परंतु तेथे मराठी कानावर पडून आपले जपानी बिघडेल, असे लेखकाचे मत होते. हे मत बाळगून लेखक दर पंधरा दिवसांनी गाडी बदलत निशि-कासाईला जाई आणि तूरडाळ, कढीपत्ता व हिंग घेऊन, वाटेत भेटलेल्या पहिल्या मराठी माणसाशी तासभर बोलून परत येई. नव्या घरी गेल्यावर शेजाऱ्यांना छोटी भेट देऊन ओळख करून द्यावी अशी रीत आहे, आणि शेजारी कोण हे 'मुको सान्गेन र्योदोनारि', म्हणजे 'समोरची तीन घरे आणि दोन्ही बाजूंची', या वाक्प्रचाराने नेमके ठरवून दिलेले आहे. हातपुसण्याचे रुमाल घेऊन लेखक उजवीकडच्या घरी गेला आणि दार उघडणाऱ्या साठीच्या बाईंना त्याने 'ओबासान' म्हणजे 'मावशी' म्हणायचे योजून 'ओबाऽसान' म्हणजे 'आजी' म्हटले. उभ्या महाराष्ट्रात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढण्याबद्दल ज्याची ख्याती, त्या माणसाचा असा एका मात्रेने घात झाला. बाई क्षणभर थांबल्या, मग हसून म्हणाल्या, 'निहोंगो, ओजोझु देसु ने.'

येथून पुढील विवेचन कचऱ्याविषयी आहे व ते काहीसे लांबले आहे. ज्यांना कचऱ्यात रस नाही त्यांनी ते ओलांडून जावे, मात्र मग जपान कळल्याचे सांगू नये. कचऱ्याला 'गोमी' म्हणतात आणि त्याचे 'मोएरु गोमी' म्हणजे जळणारा, 'मोएनाइ गोमी' म्हणजे न जळणारा, 'शिगेन गोमी' म्हणजे पुन्हा कामी येणारा आणि 'सोदाइ गोमी' म्हणजे अवजड, असे ढोबळ भेद आहेत. ढोबळ अशासाठी की शिकोकु बेटावरील कामिकात्सु या छोट्या गावाने २००३ साली कचरा शून्यावर आणण्याचा संकल्प सोडून पुढे वर्गीकरण ४५ प्रकारांपर्यंत नेले. जळणाऱ्या कचऱ्याच्या नावावरही पालिकापालिकांत मतभेद आहेत: कोणी त्याला 'मोएरु' म्हणजे जळणारा म्हणते, कोणी 'मोयासु' म्हणजे आपण जाळतो तो, तर कोणी 'मोयासेरु' म्हणजे जाळता येण्याजोगा. जळणे हा कचऱ्याचा स्वभाव, की माणसाची कृती, की केवळ शक्यता, या प्रश्नावर आपल्याकडे सहा दर्शने निर्माण झाली असती, तेथे पिशव्या छापल्या गेल्या. दुधाचे खोके धुऊन, कात्रीने उभे कापून, उलगडून वाळवायचे असते, त्यामुळे लेखकाच्या बाल्कनीत सदऱ्यांच्या शेजारी दुधाची खोकी वाळत असतात. पाण्याच्या बाटलीचे झाकण एकीकडे, तिच्या अंगावरचे लेबल सोलून दुसरीकडे, आणि बाटली विसळून, चेपून तिसरीकडे. हे सर्व ठरल्या वारी, सकाळी आठच्या आत, कावळ्यांपासून रक्षण करणाऱ्या जाळीखाली ठेवायचे. आदल्या रात्री ठेवणे हा गुन्हा नसला तरी पाप आहे. चूक झाल्यास गाडी पिशवी तशीच ठेवून जाते आणि तिच्यावर कारण लिहिलेली चिठ्ठी चिकटवते. पिशवी अर्धपारदर्शक असल्याने कोणाच्या घरी काल काय शिजले आणि काय करपले, ते सगळे चव्हाट्यावर येते. बाहेर फेकून मोकळे व्हावे तर रस्त्यावर कचरापेटी नाही. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन वायूचा हल्ला झाल्यानंतर स्थानकांवरील पेट्या मोठ्या प्रमाणावर हटवल्या गेल्या, म्हणून स्टेशनवर खाल्लेल्या केळ्याचे साल दिवसभर कार्यालयीन कागदपत्रांच्या सहवासात राहून संध्याकाळी घरी येते.

पालिकेच्या मार्गदर्शक पुस्तिकेत अकारविल्हे (म्हणजे जपानी अ-इ-उ-ए-ओ या क्रमाने) शेकडो वस्तू असल्या तरी नारळाची करवंटी, हापूसची कोय आणि शेवग्याच्या शेंगेचा चावून टाकलेला चोथा यांचा उल्लेख नाही. लेखकाने करवंटीबाबत पालिकेला फोन केला, तेव्हा संबंधित कर्मचाऱ्याने वस्तूचे वर्णन विचारले, तिची एखादी बाजू ३० सेंटिमीटरहून अधिक आहे काय हे विचारले, सात मिनिटे संगीत ऐकवले, आणि 'जळणारा' असा निर्णय देऊन लेखकाच्या जपानीची प्रशंसा केली. यापूर्वी हा प्रश्न कोणी विचारला नसावा, असे त्याच्या आवाजातील उत्साहावरून वाटले.

दीड दिवसाच्या गणपतीचे निर्माल्य हा प्रश्न मात्र फोनवर विचारण्यासारखा नव्हता, म्हणून लेखकाने ते मंगळवारच्या जळणाऱ्या पिशवीत घातले व वर वर्तमानपत्र पसरले. वर्तमानपत्र सरकले. पिशवीतून जे दिसू लागले ती शेवंती होती, कारण सुपरमार्केटात स्वस्त आणि बांधलेल्या अशा त्याच जुड्या मिळतात. त्या जुड्या घरातील बुद्धवेदीवर, दिवंगतांना वाहण्यासाठी असतात, आणि शेवंती हे जपानमध्ये अंत्यविधीचे फूल आहे, हे लेखकाला ठाऊक नव्हते. सोबत उदबत्तीच्या काड्या होत्या. त्याच संध्याकाळी शेजारच्या बाई गडद रंगाचा स्वेटर घालून, उदबत्त्यांचे एक खोके घेऊन दारात उभ्या राहिल्या, खोल वाकल्या आणि अगदी हळू आवाजात काहीतरी बोलल्या. ते शोकाचे शब्द होते. लेखकाला ते कळले नाहीत, परंतु कळले नाही असे कबूल करणे वहीच्या परंपरेत बसत नसल्याने त्याने आपल्या उत्तमोत्तम जपानीत उत्तर दिले की, सर्व अगदी आनंदात पार पडले, ते दरवर्षी येतात, दीड दिवस राहतात, गोडधोड खातात, आणि मग आम्ही त्यांना पाण्यात सोडतो.

या उत्तरानंतर जी शांतता पसरली तिचे वर्णन करण्यास लेखक असमर्थ आहे. बाईंनी मात्र मान हलवली आणि विचारले, 'ओबोन्सारखे?' ओबोन म्हणजे ऑगस्टमधील तो सण, ज्यात घरचे गेलेले लोक काही दिवसांसाठी परत येतात अशी श्रद्धा असते. त्यांच्यासाठी दिवा लावतात, पान वाढतात आणि शेवटी त्यांना निरोप देतात, काही ठिकाणी कागदी कंदील नदीत सोडून. बाईंचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले होते. तेही दरवर्षी येतात, राहतात आणि जातात, असे त्या म्हणाल्या, आणि राहण्याचे दिवस सांगताना त्यांनी बोटे मोजली. लेखकाने गणपती हा पूर्वज नसून देव असल्याचे सांगण्यासाठी तोंड उघडले आणि मिटले. आयुष्यात योग्य वेळी गप्प बसल्याचे त्याला आठवणारे उदाहरण हे एवढेच. बाई घरी गेल्या आणि सुलेखनासाठी वापरतात तो पांढरा 'हान्शी' कागद व एका वाटीत मीठ घेऊन परत आल्या. देवळातला जुना ताईत किंवा पूजेतली वस्तू घरच्या घरी टाकायची झाल्यास पांढऱ्या कागदात गुंडाळावी, वर चिमूटभर मीठ टाकावे आणि मग जळणाऱ्यात द्यावी, अशी पद्धत असल्याचे त्यांनी सांगितले, आणि उरलेली फुले, दूर्वा म्हणून वाहिलेले बागेतले गवत व सुपारी त्यांनी स्वतःच्या हाताने घडी घालून गुंडाळली. घडीचे कोपरे जुळेपर्यंत त्यांनी ती दोनदा उलगडली.

मिठाची वाटी रिकामी परत करू नये हे कोकणात काय आणि देशावर काय, वेगळे सांगावे लागत नाही. जपानीत परतभेटीला 'ओकाएशी' म्हणतात आणि तिची किंमत मूळ भेटीच्या साधारण निम्मी असावी असा संकेत आहे. वाटीभर मिठाच्या निम्मे काय, हे न सुचल्याने लेखकाने ती भरून नारळाच्या वड्या दिल्या. वाटी लोणवलेले मुळे घेऊन आली, लिंबाचे लोणचे घेऊन गेली, आणि अद्याप फिरते आहे. ती मुळात कोणाची, याविषयी आता दोन्ही घरांत खात्रीने सांगता येत नाही. लोणच्याबद्दल बाईंनी 'जोझु' म्हटले, तेव्हा त्यांचे डोळे पाण्याने भरलेले होते, पण ते मिरचीमुळे.

मागच्या जानेवारीत कचऱ्याच्या जागेची झाडलोट करण्याची पाळी, जिला 'तोबान' म्हणतात, बाईंकडे होती. लेखक सातच्या थंडीत पिशवी ठेवून, मान लववून परत फिरत असता मागून आवाज आला, 'राबेरु, तोत्ते नाइ जा नाइ!' म्हणजे, 'लेबल काढलेलं नाहीस की रे!' बाईंच्या हातात लेखकाची बाटली होती आणि दुसऱ्या हातात झाडू. वाक्यात आदराचा 'ओ' नव्हता, शेवटी 'देसु' नव्हते, गोडव्याचा 'ने'ही नव्हता. असे वाक्य जपानी माणूस आपल्या मुलाला, भावाला किंवा नवऱ्याला उद्देशून बोलतो. लेखकाने तिथेच उभे राहून गारठलेल्या नखांनी लेबल सोलले, अर्धे चिकटून राहिले, तेही खरवडायला लावले गेले.

घरी येऊन लेखकाने वही काढली आणि हे वाक्य तारखेनिशी लिहिले. वहीचे ते शेवटचे पान होते. वह्या 'कोशी' म्हणजे जुन्या कागदाच्या कचऱ्यात जातात, त्याचा वार गुरुवार. मात्र कडेची सर्पिल तार आधी काढून न जळणाऱ्यात टाकावी लागते, आणि ती तार काढण्याचे काम अजून झालेले नाही.