रहस्यपटावर मत कसं द्यावं : वर्धा जिल्ह्यातील नवशिक्यांसाठी

रहस्यपट पाहायला विशेष अक्कल लागत नाही. अडीच तास खुर्चीत बसता आलं की पुरे. खरी परीक्षा सुरू होते ती बाहेर पार्किंगमधून गाडी काढताना, जेव्हा सोबतचा विचारतो, "मंग, कसा वाटला गा?" यावर "चांगला होता" म्हणून मोकळा होणाऱ्याला वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, कुठंही पुन्हा कोणी सोबत नेत नाही. म्हणून ही मार्गदर्शिका. कौटुंबिक सिनेमासाठी तिचा उपयोग नाही; तिथं रडू आलं की नाही एवढं सांगून भागतं.

पाठ करायचं पहिलं वाक्य : "मले तं इंटरवललेच समजलं होतं."

हे वाक्य सिनेमा संपल्यावरच म्हणायचं. मध्यंतरात म्हणालात तर कोणीतरी "मंग सांग, कोन हाय?" असं विचारतं, नाव सांगावं लागतं, आणि ते चुकलं की पुढची काही वर्षं मित्र तुम्हाला त्याच नावानं हाक मारतात. मध्यंतरात समोसा खायचा आणि मान हलवायची. उभी हलवली की आडवी, हे समोरच्याला कळता कामा नये. फारच आग्रह झाला तर पडद्यावरच्या सगळ्यांत सभ्य माणसाबद्दल "हा काही सीधा नाही वाटत" एवढं पुटपुटावं. रहस्यपटात सीधा कोणीच नसतो, त्यामुळे हे मत वाया जात नाही.

उशिरा पोचलात तरी घाबरू नका. १९६० साली 'सायको' सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही, असा दंडक हिचकॉकनं घातला होता. आपल्याकडे असला दंडक कोणी ऐकून घेणार नाही. पहिला खून आटोपल्यावर मोबाइलच्या उजेडात सीट शोधत "कोन मेलं?" असं विचारणारा इथं हक्कानं येतो, आणि सिनेमा सुटल्यावर सगळ्यांत ठाम मत त्याचंच असतं. त्याच्याशी वाद घालू नये. त्यानं पुरावे पाहिलेलेच नसतात, त्यामुळे त्याचं मत बदलायला काही साधन उरत नाही.

आता ज्येष्ठतेचा नियम. मताचं वजन ते किती खोल आहे यावर नाही, कोणी आधी पाहिलं यावर ठरतं. या बाबतीत नागपूरला अपडाउन करणाऱ्यांचा हात कोणी धरू शकत नाही. शुक्रवारी तिथल्या मल्टिप्लेक्समध्ये पाहायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं रहस्य वर्ध्याला आणायचं, हे काम ते नोकरीपेक्षा निष्ठेनं करतात. एके काळी हा मान अख्ख्या मराठी प्रेक्षकाला मिळाला होता. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' आला १९६४ला आणि त्यावरून हिंदीत 'मेरा साया' निघाला १९६६ला. दोन वर्षांची आघाडी! साधनाचं काय होणार म्हणून बाकीचं थिएटर श्वास रोखून बसलं असेल तेव्हा 'पाठलाग' पाहिलेला माणूस शेंगदाण्याची सालं फुंकत निवांत बसला असणार. असा योग पुन्हा पुन्हा येत नाही.

शेवट किती वर्षांनी सांगितला तर चालतो? जाणकारांत एकमत नाही. पण १९९७च्या 'गुप्त'मधला खुनी कोण, हे सांगायला आता कोणाचीच हरकत नसावी. काजोलला त्याच भूमिकेसाठी नकारात्मक भूमिकेचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, म्हणजे ज्यांनी सिनेमा पाहिला नव्हता त्यांच्यासाठी रहस्य खुद्द पुरस्कार देणाऱ्यांनीच फोडलं.

यापुढचा भाग जरा लक्ष देऊन वाचा, कारण जिल्ह्यातली निम्मी चर्चा इथंच अडते. 'दृश्यम'. हिंदीतला, निशिकांत कामत यांचा, २०१५चा. २ ऑक्टोबरला आपण घरी नव्हतो, पणजीला सत्संगाला होतो, हे दाखवायला त्यातला विजय साळगावकर बसची तिकिटं, हॉटेलचं बिल, सिनेमाची तिकिटं असा सगळा पसारा मांडतो. यावर वर्धेकरानं द्यायचं मत ठरलेलं आहे : "सेवाग्रामले होतो म्हनला असता तं एवढी मेहनतच नसती पडली." त्या दिवशी आश्रमात पुढाऱ्यांपासून शाळकरी पोरांपर्यंत इतकी माणसं असतात, की तुम्ही तिथं नव्हता हे कोणता पोलीस सिद्ध करणार? हे मत आत्मविश्वासानं द्यावं. ऐकणारा हसला की तुम्ही नवशिके राहिला नाहीत.

पण त्याच्यापुढचा प्रश्न कोणी विचारत नाही, तो मी विचारतो. २ ऑक्टोबरला काय झालं हे आता लहान पोरालाही पाठ आहे. तरी टीव्हीवर 'दृश्यम' लागला की रिमोट खाली ठेवला जातो तो का? हिचकॉकनं फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत याची फोड केली आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसताना तो फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. माहीत असेल तर टेबलावरच्या साध्या गप्पासुद्धा पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात. आमच्या जिल्ह्याला हे इंग्लंडहून शिकायचं कारण नव्हतं. इथं पन्नासेक वर्षं दारूबंदी आहे. कळंबकडून येणारी बस वर्धा नदीचा पूल ओलांडते तेव्हा कोणाच्या सीटखालच्या पिशवीत काय आहे, हे अख्ख्या बसला ठाऊक असतं. देवळीच्या अलीकडे पोलीस चढला की चाळीस माणसं एकाच वेळी खिडकीबाहेरची पराटी पाहू लागतात. रहस्य त्या बसमध्ये कुठंच नाही. उत्कंठा मात्र मावत नाही. त्यामुळे "आधीच समजलं होतं" ही तक्रार म्हणून सांगणाऱ्याला रहस्यपट कळलाच नाही, असं माझं मत. ते चारचौघांत बोलून दाखवू नका. पहिलं पाठ केलेलं वाक्यच फुकट जाईल.

मालिकांबद्दल थोडक्यात. घरातल्या आजीच्या आधी मत देऊ नये. 'देवमाणूस'मधला डॉक्टर खुनी आहे हे २०२०मध्ये सुरुवातीपासूनच सगळ्यांना दिसत होतं, फक्त गावाला दिसत नव्हतं, आणि आज्यांचा सगळा राग गावावर होता. "त्याच्या दवाखान्यात नोको जाऊ व बाई!" हे पडद्याकडे पाहून दिलेलं मतच त्या मालिकेची सगळ्यांत नेमकी समीक्षा होय. 'रात्रीस खेळ चाले'ची मालवणी अर्धी समजली नाही तरी चालतं. "भेव तं पुरं लागते" म्हणावं.

पुस्तकांवर मत देताना आवाज बदलावा लागतो. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यांचा झुंजार आणि काळापहाड दोन-तीन पिढ्यांनी अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचले, पण संमेलनाध्यक्षपद काही त्यांच्या वाट्याला आलं नाही. २०२३ला ९६वं साहित्य संमेलन वर्ध्यात भरलं, तसं ते पुन्हा भरलं तर मंडपात "मी अर्नाळकर वाचतो" म्हणू नये. "वाचत होतो" म्हणावं, आणि "लहानपणी" जोडावं. जुन्या लायब्ररीतली रहस्यकथा हाती आली तर आधी पान एक पाहावं. तिथं पेन्सिलीनं "खुनी मेहुणा" असं लिहिलेलं सापडू शकतं. लंडनमध्ये १९५२पासून चाललेल्या 'माऊसट्रॅप' नाटकाच्या शेवटी प्रेक्षकांना रहस्य बाहेर न फोडण्याची विनंती करतात आणि लोक ती बऱ्यापैकी पाळतात म्हणे. त्यांच्याकडे पेन्सिली महाग असाव्यात.

आता सराव. प्रश्न एकच : ज्यानं सिनेमा पाहिलेला नाही असा मित्र तुम्हाला चहाच्या टपरीवर गाठून विचारतो, "कसा हाय बे पिक्चर?"

पहिला विद्यार्थी म्हणतो, "पाहा लागते." उत्तम. काही फुटलं नाही आणि आपण पाहिला हेही कळलं.

दुसरा म्हणतो, "काही दम नाही राजा." हेही चालेल, पण मग मित्र पाहून आल्यावर त्याला आवडला तर "मी तं दुसऱ्याच पिक्चरचं सांगून राहिलो होतो" अशी पळवाट आधीच तयार हवी.

तिसरा फार सज्जन असतो. शेवट सांगायचा नाही असं तो घरून ठरवून येतो, चहाचा कप खाली ठेवतो आणि मित्राच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "मी काहीच नाही सांगत, तू जाऊन पाहा. फक्त त्या ड्रायव्हरकडं लक्ष नोको देऊ."

तिसऱ्याला शून्य मार्क. टपरीवरच्या सगळ्यांच्या चहाचे पैसेही त्यानंच द्यायचे.