खापर काट्याच्या माथी

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अपघात झाला की बातमीतलं एक वाक्य आधीच तयार असतं. ‘भरधाव वेगामुळे चालकाचा गाडीवरील ताबा सुटला.’ ताबा सुटला हे दिसतंच आहे. भरधाव म्हणजे किती, हे मात्र विचारायचं नसतं.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली, त्यातली ७१ टक्के अतिवेगाने. आता गाडीचा चेंदामेंदा झालेला, चालक बेशुद्ध किंवा पसार, बघे व्हिडिओ काढण्यात गुंग. मग वेग मोजला कुणी?

ज्याच्या हातात फॉर्म होता त्याने.

अतिवेग हे कारण फार सोयीचं आहे. वेग दोषी ठरला तर पैसे चालकाच्या खिशातून जातात. रस्ता दोषी ठरला तर सरकारच्या. सांगा, तुम्ही सरकार असता तर कुठल्या रकान्यात खूण केली असती?

खालापूर तालुक्यात या हिशेबाची परीक्षा फुकट घेता येते. एकाच रस्त्याचे इथे दोन तुकडे आहेत. टोलनाक्याच्या अलीकडे सपाटी, मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मुभा. खोपोली सोडली की बोरघाट, मोटारींना ६० आणि जड वाहनांना ४०. मारतो तो फक्त वेगच असेल, तर घाटासारखी सुरक्षित जागा दुसरी नसायला हवी.

आडोशी बोगद्यापासून खंडाळ्यापर्यंत कुणालाही विचारून बघा.

घाटात वेग कमी असतो, पण प्रत्येकाचा वेगळा. डाव्या लेनमध्ये पोलादाच्या कॉइल लादलेला ट्रेलर विशीने चढतोय. दुसरा बाविशीने त्याला मागे टाकतोय. हा सोहळा लोणावळ्यापर्यंत चालतो. तेवढ्यात तिसऱ्यालाही उत्साह येतो आणि तिन्ही लेन भरतात. मागून कायदा पाळत साठने आलेली मोटार वळण घेते आणि समोर ट्रेलरचा मागचा भाग. वरून लाल दिवा बंद. यात वेग कुणाचा चुकला? साठचा की बाविशीचा?

डेव्हिड सॉलोमन नावाच्या अमेरिकी संशोधकाने १९६४ मध्येच हे कागदावर मांडलं होतं. सरासरी वेगापासून तुम्ही जितके दूर, तितका धोका अधिक, मग तुम्ही वर असा की खाली. त्याच्या आकडेवारीत पुढच्यांनी खोट काढली, तो भाग वेगळा. खोपोलीच्या चढावर अर्धा तास उभं राहणाऱ्याला आकडेवारी लागत नाही.

उतारावर तर निराळीच कथा. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला सोडायची, घाटभर ब्रेकवर पाय ठेवायचा, ब्रेक तापले की ते निकामी होणारच. पेपरात येतं, ‘ब्रेक फेल झाल्याने’. जुलै २०२५ मध्ये याच उतारावर एका कंटेनरने वाटेतल्या गाड्यांची रांगच्या रांग चेपत नेली. ब्रेक फेल होतात म्हणे. केले जातात, असं कोण लिहिणार?

याचा अर्थ वेग बिचारा निर्दोष, असा नाही. ताशी १०० ने जाणारी गाडी एका सेकंदात २८ मीटर जाते. ऐंशीचे शंभर केले की धडकेचा जोर सव्वापट वाढत नाही, दीडपटीहून जास्त वाढतो. ऑगस्ट २०२२ मध्ये राजकीय नेते विनायक मेटे अपघातात गेले ते घाटात नाही, माडप बोगद्याजवळच्या सरळ रस्त्यावर.

आणि कमावतो काय? सगळा मार्ग ९४.५ किलोमीटर. ऐंशीने गेलात तर ७१ मिनिटं, शंभरने गेलात तर ५७. चौदा मिनिटांची कमाई! ती वाकडच्या सिग्नलला साभार परत.

पूर्वी इथे मोटारींना ८० चीच मर्यादा होती, नंतर ती १०० झाली. २०२४ पासून कमानींवर कॅमेरे आले. ते नुसता क्षणाचा वेग बघत नाहीत, दोन कमानींमधली सरासरीही काढतात. आपले लोक कच्चे आहेत का? १३० ने यायचं, फूड मॉलला वडा-चहा घ्यायचा, सरासरी आपोआप सुसंस्कृत होते.

अपघात कमी झाल्याचे आकडेही अधूनमधून येतात. २०१६ साली या मार्गावर १५१ माणसं मेली. त्याच साली ‘झिरो फॅटॅलिटी’ प्रकल्प सुरू झाला. २०२० साली आकडा ६६ वर आला. उत्तम. काम झालं, कठडे लागले, धोक्याच्या जागा झाकल्या गेल्या, नाकारायचं कारण नाही. पण २०२० साली देश कुलूपबंद होता, हे टाळ्या वाजवताना आठवलं का? घाटातला १८३० चा, वाहतुकीला अडणारा अमृतांजन पूलही त्याच वर्षी एप्रिलमध्ये, रस्ता रिकामा बघून, सुरुंग लावून पाडला. आता श्रेय वाटून घ्या: प्रकल्प, सुरुंग की करोना?

तेही सोपं नाही. त्याच वर्षी अमेरिकेत गाड्या कमी धावल्या आणि मृत्यू वाढले. मोकळा रस्ता दिसला की पाय खाली जातो, मग तो ओहायोचा असो वा ओझर्ड्याचा.

म्हणून मेलेल्यांचा आकडा सांगणाऱ्याला उलट विचारावं, धावलेल्या गाड्या किती? किती कोटी किलोमीटरमागे किती मृत्यू? भागाकारातला वरचा आकडा सगळ्यांना पाठ. खालचा विचारला की साहेब मीटिंगमध्ये.

‘ब्लॅक स्पॉट’ची व्याख्या मात्र पक्की आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या ५०० मीटरच्या पट्ट्यात, तीन वर्षांत, गंभीर किंवा जीवघेणे पाच अपघात किंवा दहा मृत्यू. नऊ झाले असतील तर कृपया थांबा.

जुन्या महामार्गाकडे या गोंगाटात कोण बघतो? एप्रिल २०२३ मध्ये शिंगरोबाच्या मंदिराजवळ गोरेगावच्या झांजपथकाची बस दरीत गेली, १३ जण गेले. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर तो शिंगरोबा. बक्षीस काय हवं विचारल्यावर त्याने देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि त्याला गोळी मिळाली, अशी आख्यायिका आहे. ड्रायव्हर आजही त्याच्यापुढे नाणं टाकून पुढे जातात. घाटात पावती न देता पैसे घेणाऱ्यांत हा एकच सज्जन.

आणि शेजारच्या कर्जतचं काय? २०२२ मध्ये देशात रस्त्यावर मेलेल्यांपैकी साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरचे होते. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, आणि ती रास्तच. म्हणजे शून्य मृत्यूचा संकल्प आपण अशा रस्त्यावर सोडला, जिथे सर्वाधिक मरणाऱ्याला प्रवेशच नाही. तो जातो कर्जत-चौक रस्त्याने, नाहीतर मुरबाडकडून येणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाने. समोर डंपर, बाजूला फार्महाऊसवाल्यांची शनिवारची फॉर्च्युनर, मध्ये बसलेली गुरं. पाचापासून शंभरापर्यंत सगळे वेग एकाच पट्ट्यात, सॉलोमनला पोटभर अभ्यास झाला असता. त्या रस्त्यांवरचा वेग आणि अपघात शेजारी शेजारी मांडायला कुणाला वेळ आहे?

दुचाकीवाला टोल थोडाच भरतो!