मागच्या सीटवरून स्टेल्व्हिओ

भाच्याच्या मागे बसण्याआधी त्याच्या मोटरसायकलला माझ्याबद्दल कळवावं लागलं. डाव्या मुठीजवळचं कडं फिरवलं की पडद्यावर चित्रं येतात: एक हेल्मेट, हेल्मेट आणि बॅग, दोन हेल्मेटं. भाचा बॅगेवर जरा रेंगाळला, माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं दोन हेल्मेटं निवडली. मागचं सस्पेन्शन माझ्यासाठी कडक झालं. माझ्या वजनाची दखल आजवर इतक्या अदबीनं कोणी घेतली नव्हती.

गाडी बीएमडब्ल्यू के १६०० जीटी. हे मॉडेल २०११ साली आलं. भाच्यानं म्युनिकमध्ये सेकंडहँड घेतलेलं. एका ओळीत आडवी सहा सिलिंडरं, १६४९ सीसी, १६० अश्वशक्ती, पेट्रोलसकट वजन ३१९ किलो. आमच्या ह्यांची लूना ५० सीसीची, म्हणजे हिशेबानं मी ३३ लूनांवर एकदम बसले होते. लूनावर निदान दोन्ही पाय एका बाजूला सोडून, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन बसता यायचं. इथे दोन्हीकडे पाय टाकायचे आणि थालीपीठं बाजूच्या पेटीत कुलूपबंद.

या जातीला स्पोर्ट टूरर म्हणतात. शर्यतीच्या गाडीसारखं टाकीवर ओणवं व्हायचं नाही, पण वळणावर आडवं मात्र व्हायचं. चेन नाही, शाफ्ट आहे, त्यामुळे तेल घालणं नाही आणि पायजम्याला काळं लागणं नाही. माझं मत विचाराल तर पुढची सीट स्पोर्ट आहे, मागची टूरर, आणि दोघींचं फारसं पटत नाही.

म्युनिकहून गार्मिशकडे जाणाऱ्या ए ९५ वर बऱ्याच भागात वेगाला मर्यादाच नाही. भाच्यानं बटण दाबलं, समोरची काच आपोआप वर सरकली आणि वारा बंद झाला. हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर त्याचा आवाज आला, "मावशी, किती स्पीड असेल सांग!"

"सत्तर?"

"एकशे सत्तर."

मी मनातल्या मनात सगळ्यांना माफ करून टाकलं. सासरच्यांनासुद्धा.

सीट गरम होते, हा शोध ऑस्ट्रियातल्या फर्नपास घाटाच्या गारठ्यात लागला. पुढच्याला वेगळं बटण, मागच्याला वेगळं. एवढ्या यंत्रात माझ्या अखत्यारीतलं तेवढंच, म्हणून मी ते सोडलं नाही. भाचा अभिमानानं सांगत होता, की टाकी २४ लिटरची आहे, साडेतीनशे किलोमीटर कुठे थांबायला नको. गाडीला नको असेल. साठी ओलांडलेल्या बाईला दर शंभर किलोमीटरला थांबायला लागतं, हे कुठल्याच हेल्मेटाच्या चित्रात बसत नाही. रेशेनच्या तलावातून वर आलेला चर्चचा मनोरा मी म्हणूनच निवांत पाहिला. १९५० साली धरणात गावं बुडाली, मनोरा तेवढा उरला.

पुढे स्टेल्व्हिओचा घाट. १८२० ते १८२५ च्या दरम्यान ऑस्ट्रियाच्या बादशाहीसाठी कार्लो दोनेगानी या इंजिनिअरनं बांधलेला. आता इटलीत. पायथ्याच्या प्राटो गावाच्या बाजूनं ४८ हेअरपिन वळणं, प्रत्येकाला नंबराची पाटी, आणि नंबर खालून वर उतरत जाणारे. पहिल्याच वळणावर गाडी डावीकडे कलली आणि मी उजवीकडे. घाटात एसटीमध्ये आपण हेच करतो.

"मावशी, गाडीला विरोध करू नकोस!"

"मी जीव वाचवत्येय."

"माझ्या खांद्यावरून वळणाच्या आत बघ. बाकी काही करू नकोस."

तिसेक नंबरच्या पाट्यांपर्यंत मी 'बाकी काही' करत राहिले. मग दमून सोडून दिलं, आणि गाडी एकदम गुण्यागोविंदानं चालायला लागली. भाच्याला तो त्याच्या चालवण्याचा गुण वाटला.

वरच्या वळणांत एक घराएवढी कॅराव्हॅन अडकली. पुढे, मागे, पुन्हा पुढे. आमची १६० अश्वशक्ती चढावर पाय टेकून उभी. ३१९ किलो आणि वर मी, भाच्याच्या पोटऱ्या थरथरताना मला मागून जाणवत होत्या. तेवढ्यात सत्तरीचे एक आजोबा सायकलवरून हळूच आमच्या बाजूनं पुढे गेले. १९५३ साली जिरो द इतालिया ही सायकल शर्यत पहिल्यांदा या घाटानं गेली आणि फाउस्तो कोप्पीनं इथे तिचा निकाल फिरवला; तेव्हापासून सायकलवाले इथे श्रद्धेनं येतात. आजोबांनी आम्हाला मान डोलावून नमस्कारही केला. भाचा पुढे बराच वेळ काही बोलला नाही.

२७५७ मीटरवर, सॉसेजच्या टपऱ्यांशेजारी, आजोबा परत भेटले. मी थालीपीठ दिलं, त्यांनी ते लोणच्यासकट संपवलं. मग गाडीभोवती एक फेरी मारून भाच्याला जर्मनमध्ये काहीतरी विचारलं.

"काय म्हणतायत?"

"मागची सीट खरंच गरम होते का, म्हणतायत."

होते म्हटल्यावर ते चढून बसले. भाच्यानं त्यांना सीसी सांगितले, अश्वशक्ती सांगितली, सस्पेन्शन समजावलं. आजोबा डोळे मिटून हूं हूं करत होते. बटण कुठलं ते मी दाखवलं, आणि भाच्याला इंजिन परत चालू करावं लागलं.