हळदीला किती, अक्षतांना किती?

कोल्हापुरात "साधंच लग्न करायचं" हा ठराव बैठकीत एकमतानं मंजूर होतो आणि चहाचे कप आत जायच्या आधी त्याला पहिली उपसूचना येते. मुलाकडचे म्हणतात, "आम्हाला काही नको, मुलगी आणि नारळ द्या." मुलीकडचे हात जोडतात. दोन्हीकडचे मामा सतरंजीकडे बघत बसतात. मग कोपऱ्यातले थोरले चुलते घसा खाकरून म्हणतात, "बाकी सगळं साधंच. फक्त हळदीचं तेवढं बघा. आमची माणसं लई हाईत."

चार लाखांचं लग्न सहा लाखांवर जातं ते इथून.

एक वधूपिता डोळ्यांपुढे आणा. पतसंस्थेत नोकरी, गावाकडे वाटणीत आलेला दीड एकर ऊस, दारात एक म्हैस. त्यानं दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर 'एकूण खर्च रुपये 4,00,000' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्यात. दोन रेघा ओढल्या की आकडा हलत नाही, हा त्याचा नोकरीतला अनुभव. ऊस गाळपाला गेला की 14 दिवसांत पैसे द्यावेत, असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पण आदेश दिल्लीचा आणि ऊस करवीर तालुक्यातला. त्यामुळे शहाणा वधूपिता मुहूर्त काढताना पंचांगाबरोबर शेजाऱ्याचं पासबुकही बघतो. दिवाळीला दूध संघाकडून आलेला दुधाच्या दराचा फरक मुलीच्या आईनं केव्हाच बाजूला टाकलेला असतो. उरलेली तूट भरून काढते बायकांची भिशी. दर महिन्याला पैसे गोळा करून चिठ्ठी काढणाऱ्या या बायका घरात लग्न निघालेल्या बाईला नंबर आधी देतात, आणि त्यासाठी ना जामीनदार मागतात ना तारण. नवरा पतसंस्थेत असूनही घरात वेळेवर आलेलं कर्ज हे बायकोच्या भिशीचं असतं, ही गोष्ट तो वहीत लिहीत नाही.

आता मुहूर्त. तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांचा हंगाम सुरू होतो. वैशाखातला रविवार मागायला गेलं तर कार्यालयवाला वर न बघता आकडा सांगतो. मधल्या वारी काढीव मुहूर्त चालेल म्हटलं की तोच माणूस खुर्ची पुढं करतो. वधूपित्यानं इथं एक डाव टाकला. लग्न मंगळवारी धरायचं. देवीचा वार, अंबाबाईच्या गावात त्याला नावं ठेवायची कुणाची टाप? लग्न मंगळवारी म्हणजे हळद सोमवारी, आणि सोमवारी निम्मं कोल्हापूर मटण खात नाही. आखा मसूर, भाकरी आणि वर जिलेबी यांत हळद निघून जाईल. हिशेब बिनतोड होता. मुलाकडच्या चुलत्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "मग हळद रविवारीच लावू की. दोन दिस राहू दे अंगाला."

परगावच्या वाचकाला यातलं, म्हणजे हळदीच्या मटणाचं, गांभीर्य कळणार नाही. 2019 च्या अखेरीस इथं मटणाचा दर सहाशेच्या घरात गेला तेव्हा शहरात आंदोलन पेटलं, कृती समिती झाली, विक्रेत्यांनी दुकानं बंद ठेवली आणि मटण पेपरच्या पहिल्या पानावर आलं. आता दर सातशेच्या पुढं आहे. किलोत पाच माणसं धरली तर चारशे माणसांना 80 किलो, म्हणजे नुसतं मटणच 56,000 रुपयांचं. सुकं खोबरं, तीळ, खसखस, पांढऱ्या रश्शासाठी नारळाचं दूध, आचारी, वाढपी, गॅस हे सगळं वेगळं. सोडा-पाणी तर यजमानाच्या वहीत कुठंच नसतं. ते मामांच्या गाडीच्या डिकीत असतं.

इथं यजमानाला वाचवू शकतो तो एकटा आचारी. त्याचं शास्त्र एका वाक्यात मावतं: पीस वाढत नाहीत, रस्सा वाढतो. तीनशेच्या अंदाजानं चढवलेलं पातेलं साडेचारशे माणसांपर्यंत कसं न्यायचं, आणि नेताना तांबड्यावरचा कट कसा हलू द्यायचा नाही, हे त्याला बापाकडून आलेलं असतं. वाढप्याचं वगराळं बघत बसावं. पहिल्या पंगतीला ते तळापर्यंत जातं आणि जड होऊन वर येतं. दुसऱ्या पंगतीला मध्यावरून परततं. तिसऱ्या पंगतीला ते नुसतं कटावरून फिरतं आणि वाढपी मोठ्या आवाजात "रस्सा घ्या, रस्सा घ्या" असा आग्रह करायला लागतो. आग्रह वाढला की पीस संपले, हे जाणकार ओळखतात, म्हणून ते पहिल्या पंगतीचे असतात.

लग्नाच्या दिवशी मसालेभात, जिलेबी, मठ्ठा. हळदीच्या रात्री पंगती गाजवलेली निम्मी पुरुषमंडळी सकाळी कामावर गेलेली असतात. हळदीला साडेचारशे, अक्षतांना अडीचशे. केटररनं मात्र चारशे ताटांचे पैसे आधीच ठरवून घेतलेले असतात. बजेट हुकतं ते या दोन आकड्यांमधल्या फरकापायी. शालू पाच हजारांनी महाग निघाला म्हणून कुठलं घर बुडाल्याचं ऐकिवात नाही.

वास्तविक कमी खर्चातल्या लग्नाची आपल्याकडची परंपरा भक्कम आहे. 25 डिसेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न लागलं. वर सीताराम आल्हाट, वधू राधा निंबणकर, पुरोहित नाही, आणि खर्च म्हणाल तर पानसुपारीचा. पुढं 1887 मध्ये जोतीराव फुल्यांनी मंगलाष्टकांसह सगळा विधीच पुस्तकरूपानं छापून दिला, म्हणजे गुरुजी मिळत नाहीत ही सबबही राहिली नाही. त्याच काळात जुन्नरकडच्या ओतूरला बाळाजी कुसाजी पाटलांनी घरचं लग्न जोश्याला न बोलावता लावलं. आता न आलेल्या माणसाला काय द्यायचं? पण जोशीबुवा हक्काच्या दक्षिणेसाठी कोर्टात गेले आणि प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत पोचलं. तिथं निकाल पाटलांच्या बाजूनं लागला. लग्नातली काटकसर हायकोर्टात टिकल्याचा हा दाखला केटररशी घासाघीस करताना जवळ ठेवण्यासारखा आहे.

कोल्हापूरचं तर काय, इथं राजाच पाठीशी होता. शाहू महाराजांनी 1919 साली संस्थानात आंतरजातीय लग्नांना कायद्याचा आधार दिला. आज 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली 30 दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार एवढ्यावर लग्न होतं. आंतरजातीय जोडप्यातलं एक जण मागास प्रवर्गातलं असेल तर राज्य सरकार 50,000 रुपयांचं अर्थसहाय्यही देतं. शिवाय नोटीस ऑफिसातल्या फलकावर लागते, म्हणजे पत्रिकांचाही खर्च वाचला, असं एका काटकसरी काकांचं म्हणणं. त्यांच्या पुतण्यानं ते ऐकलं. नोंदणीचं लग्न लावून सगळे बाहेर आले आणि पायरीवरच कुणीतरी विचारलं, "बरं, मग आता जेवण कधी?"

सरकारनंही एकदा काटकसर करून दाखवली होती. एप्रिल 2021 मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत लग्नाला माणसं 25 आणि वेळ दोन तास, मोडलं तर 50,000 रुपये दंड. दिवस वाईट होते, त्यात गंमत शोधू नये. तरी एवढं नोंदवायला हरकत नाही की ज्या भावकीत आहेराच्या टोपीवरून वर्षानुवर्षं बोलणं बंद असतं, त्या भावकीत त्या उन्हाळ्यात कुणी रुसलं नाही. निर्बंध उठले आणि पहिल्याच हंगामात सगळे रुसवे थकबाकीसह वसूल झाले.

दक्षिण महाराष्ट्रात या सगळ्यावर एक देशी तोडगा आहे: 'यादी पे शादी'. देण्याघेण्याची यादी लिहायला दोन्हीकडची वडीलधारी माणसं जमलेली असतातच. त्याच बैठकीत कुणीतरी म्हणतो, "मग आजच उरकून टाकू की." गावातून हार येतात, गुरुजींना फोन जातो, शेजारची चूल पेटते आणि संध्याकाळपर्यंत लग्न लागलेलं असतं. विचार करायला वेळ मिळत नाही, हा या पद्धतीचा मोठाच गुण. वेळ मिळाला की माणूस विचार करतो, आणि लग्नाच्या बाबतीत विचार म्हणजे खर्च.

आणि लग्न देखणं व्हायला पैसा लागतो तरी कुठं? मांडवडहाळ्याला आंबा, जांभूळ, उंबराच्या डहाळ्या आल्या, पूर्वी बैलगाडीतून यायच्या आता ट्रॅक्टरमधून, की दार सजलं. हलगी-घुमकं वाजायला लागलं की सत्तरीच्या आत्याचाही पाय हलतो. डीजेनं फक्त खिडक्या हलतात. रुखवत मावशीनं चार महिने खपून केलेलं असतं आणि त्यातल्या रंगवलेल्या चुरमुऱ्यांच्या गाडीपुढं पोरं जेवणही विसरतात.

दागिन्याचं म्हणाल तर कोल्हापुरी साज. त्यात पानं 21: विष्णूच्या अवतारांची दहा, अष्टमंगलाची आठ, माणिक आणि पाचूची दोन, आणि डोरलं. गळ्यात असा साज असला की नवरीला आणखी काही घालायची गरज नाही. सोनं 2025 मध्ये तोळ्याला लाखाच्या वर गेलं, तेव्हापासून गुजरी या सराफ बाजारातली नजर चांदीकडे वळली. चांदीच्या कामाचं हुपरी इथून हाकेच्या अंतरावर. चांदीवर सोन्याचं पाणी दिलेला साज फोटोत तर सोडाच, मांडवातही ओळखू येत नाही. ओळखते फक्त मुलाची आत्या. ती नवरीला जवळ घेते, "किती गोड दिसतेस गं" म्हणते आणि तेवढ्यात अंगठ्यानं एक पान उलटं करून पाठीमागचा शिक्का वाचते.

बस्ता मात्र गांधीनगरला. हे गाव मुळातच नेसत्या वस्त्रानिशी आलेल्यांचं. 1943 पासून इथल्या वळिवड्याच्या छावणीत पोलंडचे निर्वासित राहिले, ते गेल्यावर फाळणीनं विस्थापित झालेले सिंधी आले आणि त्यांनी इथं कापडाचा घाऊक बाजार उभा केला. टेम्पो भरून बायका जातात. नवरीचा शालू दहा मिनिटांत ठरतो. उरलेले पाच तास मानाच्या साड्यांना, कारण त्या नेसायच्या नसतात, तोलायच्या असतात. थोरल्या जावेची साडी धाकटीपेक्षा पन्नास रुपयांनी वर हवी, पण विहिणीपेक्षा वर जाता कामा नये. वधूपिता दुकानाच्या पायरीवर वही घेऊन बसलेला असतो. त्यानं आता वहीतल्या त्या दोन रेघांखाली तिसरी ओढली आहे.

बाकीचा खर्च हा नुसता धुराचा. नवरीच्या पायाखाली ढग सोडणारं यंत्र, पंगतीत भातावर वारा घालणारा ड्रोन, पन्हाळ्याच्या तटावर भरदुपारी झगा सावरत केलेलं प्री-वेडिंग, आणि चौकातला फ्लेक्स, ज्यावर शुभेच्छुकांच्या गर्दीत नवरा-नवरी शोधावी लागतात. 2025 मध्ये मराठा समाजातल्या काही मंडळींनी बैठका घेऊन लग्नाची आचारसंहिता केली: शे-दोनशे माणसांत लग्न, प्री-वेडिंग नको, डीजे नको, कर्ज काढून थाट नको. चांगलं केलं. त्यात माइकवरच्या सत्कारांचं एक कलम घालायला हवं होतं. साधं लग्न म्हणून ठरवलेला बाराचा मुहूर्त पाऊणला लागतो तो आजी-माजी पदाधिकाऱ्यांची नावं घेण्यात. त्याचा खर्च शून्य असला तरी नवरा-नवरी तोवर अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना, फेट्याखाली आणि शालूत, एप्रिलच्या उकाड्यात उभी असतात.

तर वाचकांना एवढीच विनंती आहे. या हंगामात ज्यांच्या घरी पत्रिका येईल त्यांनी आठ दिवस आधी यजमानाला एक फोन करावा आणि घरातली किती माणसं हळदीला येणार, किती अक्षतांना, हे दोन आकडे सांगावेत. खरे सांगावेत. आणि हळदीला पहिल्या पंगतीत बसला असाल तर दुसऱ्या दिवशी तासाभराची सुट्टी काढून अक्षता टाकायलाही या; चारशे ताटांचे पैसे आधीच दिलेत.