उन्हाचं बुकिंग

उन्हाळ्यांचं खरं आडनाव वेगळं आहे. हाउन्स्लो, स्लाऊ, रेडिंग या पट्ट्यातल्या प्रत्येक मराठी व्हॉट्सॲप ग्रुपात त्यांच्यासारखे एक तरी गृहस्थ असतात. ऑक्टोबरच्या शेवटी इंग्लंडची घड्याळं तासभर मागे सरकतात आणि त्या रविवारपासून या गृहस्थांना उन्हाशिवाय दुसरा विषय सुचत नाही. म्हणून उन्हाळे.

मूळचे नागपूरचे. म्हणजे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो त्या गावचे. त्यांचं सगळं बालपण ऊन चुकवण्यात गेलं. खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा, खिडकीला वाळ्याच्या ताट्या, आणि सकाळ-संध्याकाळ कूलरच्या टाकीत बादल्या ओतायचं काम. दुपारी आई दाराला कडी घालून स्वतः दारातच आडवी व्हायची. त्या घरातला हा मुलगा आज पंचेचाळिशीचा होऊन फेब्रुवारीतल्या पाच दिवसांच्या २१ अंश उन्हासाठी महिन्याच्या हप्त्याइतके पौंड मोजतो. दुपारी २१ अंश झाले तर नागपुरात लोक मफलर गुंडाळून चहाला बाहेर पडतात, हे तो मुलांना सांगत नाही.

त्यांची बाजूही ऐकली पाहिजे. डिसेंबरात लंडनकडचा दिवस आठ तासांचाही भरत नाही. सूर्य चारच्या आधी मावळतो, म्हणजे मुलं शाळेतून येऊन दप्तर टाकतात तोवर बाहेर तिन्हीसांजा झालेल्या असतात. ऑक्टोबर ते मार्च रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करा, असं तिथली आरोग्यसेवाच लोकांना सांगते. उन्हाळ्यांनी गोळ्या आणल्या, नेमाने घेतल्याही. पण गोळीवर पाय पसरून बसता येत नाही.

मग एक्सेलची फाईल उघडते.

फेब्रुवारीत शाळेला आठवड्याची सुटी असते, हाफ टर्म. तेवढ्यात जाऊन, शेकून परत यायचं. नागपूर पहिल्याच फेरीत बाद, कारण जाण्या-येण्यातच सुटी संपते आणि उरलेली मावश्यांकडे जेवण्यात. दुबई सात तासांवर. सायप्रसला त्या दिवसांत पाऊस. माराकेशला दिवसा ऊन, पण रात्री कुडकुडायला होतं. स्पेनचा दक्षिण किनारा जवळचा खरा, पण समुद्राचं पाणी पंधरा अंशांच्या आसपास. त्यात मुलं एकदा उतरतील, पुन्हा नाही. शेवटी दरवर्षीप्रमाणे बोट कॅनरी बेटांवर टेकतं. मालकी स्पेनची, पण बेटं आफ्रिकेच्या कुशीत. अक्षांश साधारण दिल्लीचा, विमानाने सव्वाचार-साडेचार तास, आणि घड्याळ लंडनचंच, त्यामुळे मुलांची झोप बिघडत नाही. या शेवटच्या मुद्द्याला उन्हाळ्यांनी हिरवा रंग दिला आहे.

अडचण एकच. हे गणित इंग्लंडातल्या प्रत्येक आईबापाला येतं. शाळा चालू असताना ज्या खुर्चीकडे कोणी बघत नाही, तिचा भाव सुटी लागताच लग्नसराईतल्या मंगल कार्यालयासारखा चढतो. म्हणून फाईलमध्ये लाल रंगाचा एक रकाना आहे: ‘दंड’.

सुटी नसताना मुलांना सहलीला नेलं तर इंग्लंडात दंड होतो. ऑगस्ट २०२४ पासून देशभर दर एकच आहे. विनापरवानगी गैरहजेरी दहा अर्ध्या दिवसांवर, म्हणजे पाच दिवसांवर, गेली की शाळेला दंडाचा विचार करावा लागतो. २१ दिवसांत भरला तर ८० पौंड, नंतर १६०. तोही प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे. दोन पालक, दोन मुलं: ३२० पौंड. तीन वर्षांत दुसऱ्यांदा सापडलात तर थेट १६०चा दर, तिसऱ्यांदा प्रकरण कोर्टाच्या वाटेला. आइल ऑफ वाइटच्या एका बापाने मुलीला शाळा बुडवून फ्लोरिडाला नेलं आणि दंड भरायला नकार दिला. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत चढला आणि २०१७ साली तो हरला.

उन्हाळ्यांनी हे सगळं वाचलं आणि त्यांच्यातला नागपूरकर जागा झाला. दहा अर्धे दिवस ना? मग नऊ बुडवू! सोमवारी सकाळी हजेरी लावून मुलांना दुपारी उचलायचं, असा बेत त्यांनी जेवणाच्या टेबलावर मांडला. सहावीतली मुलगी वरणभात कालवायची थांबली. “बाबा, दॅट्स अनऑथराइज्ड.” तिला वर्षअखेर शंभर टक्के हजेरीचं प्रशस्तिपत्र मिळायचं होतं. ताप आल्याचं कळवण्याची दुसरी योजना वहिनींनी एका वाक्यात निकालात काढली: धाकटा तिसरीत आहे आणि परत आल्यावर वर्गासमोर उभा राहून ज्वालामुखीची हकिगत सांगणार आहे. लाल रकाना पुसला गेला. तिकिटं सुटीच्या भावाने निघाली.

पण खरा सोहळा व्हिसाचा. घरातले तिघे ब्रिटिश पासपोर्टवाले. त्यांना स्पेनला व्हिसा लागत नाही. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, आणि उन्हाळ्यांनी आपला निळा पासपोर्ट भावनेपोटी सोडलेला नाही. ती भावना दर फेब्रुवारीला ९० युरोंना पडते, शिवाय अर्ज गोळा करणाऱ्यांचं शुल्क वेगळं. पगाराच्या पावत्या, बँकेची विवरणपत्रं, हॉटेलचं आरक्षण, किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे भेटीची वेळ. तीच मिळत नाही. पहाटे पाचला संगणकासमोर बसून पान पुन्हापुन्हा ताजं करणारा माणूस पाहून वहिनींना त्यांचं लग्न ठरण्याचे दिवस आठवतात. तेव्हाही त्यांनी रेल्वेचं तत्काळ तिकीट असंच काढलं होतं.

सामानाचं प्रकरण तसं छोटं. माणशी दहा किलोची एक बॅग, आणि ती जोखायला हातकाटा. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून तिथून जाणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ बरोबर नेता येत नाहीत, म्हणून पेढे बाद, साजूक तुपाची बरणी बाद. तूप लावलेल्या पोळ्या कशात मोडतात, हे विचारणारी ईमेल उन्हाळ्यांनी खरोखर लिहिली होती. वहिनींनी ती पाठवू दिली नाही. चिवडा तेवढा बॅगेत गेला. हॉटेलला मात्र एक ईमेल गेलीच: तलावाचं पाणी गरम असतं का, असल्यास किती अंश? उत्तर आलं, “हो.”

तेनेरिफेच्या दक्षिणेला उतरायचं, उत्तरेला नाही, हे फाईलमध्ये ठळक अक्षरांत होतं. व्यापारी वाऱ्यांनी आणलेले ढग उत्तरेकडच्या डोंगरउतारांवर अडकतात, दक्षिण किनारा कोरडा राहतो. दोन दिवस सगळं फाईलबरहुकूम झालं. उन्हाळे खुर्चीत आडवे, तोंडावर टोपी. न्याहारीत ‘गोफियो’ नावाचं भाजलेल्या धान्याचं पीठ मिळालं. बेटांवरचे मूळ रहिवासी तेच खात. वहिनींनी चमचाभर तोंडात टाकून जाहीर केलं, “सातूचं पीठ.” मिठाच्या पाण्यात उकडून सुरकुतलेले सालासकटचे बटाटे आणि लसूण-मिरचीची लाल ‘मोहो’ चटणी मुलांना आवडली. सावजी रश्श्यावर वाढलेल्या उन्हाळ्यांनी ती जॅमसारखी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी डोंगरावरचे ढग सरले आणि धाकट्याने तेइदे पाहिला. ३,७१५ मीटरचा ज्वालामुखी, सबंध स्पेनमधलं सर्वांत उंच शिखर. त्याच्या माथ्यावर बर्फ होता.

रेडिंगला त्या हिवाळ्यात नुसता पाऊस झाला होता. पोरांनी तलाव सोडला, समुद्र सोडला, आणि बर्फ, बर्फ असा एकच घोष लावला. रोपवे ३,५५५ मीटरपर्यंत जातो. दहा किलोच्या हिशेबात स्वेटर बसले नव्हते, तेव्हा बुधवारी सकाळी उन्हाळ्यांनी किनाऱ्यावरच्या दुकानातून पर्यटकांच्या भावाने चार जाड जॅकेटं घेतली आणि उन्हाच्या सहलीतला एक अख्खा दिवस बर्फात घालवला. नेमका तेव्हा नागपूरहून आईचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर नाक लाल झालेला मुलगा, मागे पांढरा डोंगर. “काहून रे, तू तं उन्हात चालला होता नं?”

जॅकेटं बॅगेत मावेनात म्हणून परतताना अंगावरच घालावी लागली. विमानतळावर त्या रांगेत घाम आलेलं असं हे एकच कुटुंब होतं.

तुमच्या ओळखीत असा कोणी उन्हाळे असेल तर त्याची फाईल जरूर मागून घ्या. तो आनंदाने देतो, आणि माहिती चोख असते. फक्त ‘ईस्टरला काय बेत?’ एवढं विचारू नका.